दोनशे बारा जणांचं आवतण

अडतीस नंबर तिसऱ्यांदा बसला तेव्हा सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते. गुंफाबाई लांजेवारांनी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय रे मुडद्या, आता काय झालं तुले?"

मुडदा काय बोलणार! ते होतं एक बुटकं यंत्र. जेवायला बसायचा पाट घ्या, दुप्पट मोठा करा, खाली चाकं लावा, की झाला अडतीस नंबर. मालाने भरलेल्या मांडणीखाली सरपटत शिरायचं, ती अख्खी मांडणी डोक्यावर उचलायची आणि खोकी भरणाऱ्या यंत्रांच्या हातापाशी नेऊन उभी करायची, एवढंच त्याचं काम. नागपूरच्या दक्षिणेला मोहगावच्या शिवारात जे गोदाम होतं, तिथे असे दोनशे बारा पाट रात्रंदिवस पळत असत. अर्ध्या विदर्भाने फोनवर मागवलेलं सामान तिथून निघायचं.

सामान ठेवायची रीत मात्र पाहुण्या माणसाला वेड लावणारी होती. साबणाशेजारी प्रेशर कुकर, कुकरशेजारी दप्तरं, दप्तराच्या मागे बाळंतिणीचा डिंक. जिथे जागा रिकामी तिथे माल कोंबायचा. माणसाला यातलं काही सापडणं शक्यच नव्हतं, पण या गोदामाला एक बुद्धी होती आणि तिला कण न् कण पाठ होता. कुठला पाट कुठून जाईल, कोण कोणाला वाट देईल, कोणाला वीज लागली, सगळं तीच ठरवायची. कंपनीने तिला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. बायका तिला मुकादम म्हणत.

बायका म्हणजे गुंफाबाई धरून नऊ जणी. कुठे पाट अडला, खोकं पडलं, कशात काही गुंतलं, की जाऊन सोडवायचं. सगळ्यांच्या कॉलरला माइक. मुकादम त्यांचं बोलणं ऐकून ऐकूनच बोलायला शिकला होता, त्यामुळे पुण्याच्या कंपनीने इतक्या कौतुकाने बनवलेली ही बुद्धी अस्सल नागपुरी बोलायची. पहिल्यांदा इंजिनिअर सबनीस साहेब आले आणि त्यांनी विचारलं, "सिस्टिम व्यवस्थित आहे ना?" तेव्हा छतातून आवाज आला होता, "हो ना बाप्पा, काहून नाई राहणार!" सबनीस साहेबांना सावरायला दोन दिवस लागले.

पण गेले चार महिने काहीच व्यवस्थित नव्हतं.

गुंफाबाईंनी अडतीसच्या पाठीवरचा आकडा पाहिला. शिल्लक वीज, साठ टक्के. साठ टक्के असताना चालत्या गाडीचा जीव जातो का कुठे? पण पाट ढिम्म. तिकडे एकशे चार नंबर, चांगला तरतरीत, वीज संपत आली म्हणून चार्जिंगच्या रांगेत जाऊन उभा होता. रोज असे पन्नास-साठ पाट वाटेत बसत. मुकादम बिचारा घाबरून सगळ्यांना हळू चालवायचा, दोघांमध्ये जास्त अंतर ठेवायचा. जिथे दिवसाला चाळीस हजार खोकी निघायची, तिथे आता पंचवीस हजार निघाली तरी टाळ्या वाजवायची वेळ आली होती.

"नव्या बॅटऱ्या टाकल्या, नवीन चाकं टाकली," सबनीस साहेब डोकं धरून म्हणत. "आता आणखी काय करू? यंत्रंच म्हातारी झाली आहेत, गुंफाताई."

"सहा वर्षांत कोण म्हातारं होते हो साहेब? उपाशी असल्यासारखे करून रायले ते."

"उपाशी कसे? दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं चार्जिंग मिळतं प्रत्येकाला."

ते दोन मिनिटांचं काही गुंफाबाईंच्या मनातून जाईना.

कंपनीने निकाल ठरवून टाकला होता. शनिवारी परीक्षा. सकाळी सहा ते रात्री दहा, चाळीस हजार खोकी. निघाली तर मोहगाव आहे तसं पाच वर्षं चालेल. नाही निघाली तर दोनशे बारा पाट मोडीत, आणि त्यांच्या जागी अशी यंत्रं येतील जी अंधारातही चालतात आणि ज्यांना सोडवायला बायका लागत नाहीत. म्हणजे नऊ जणी घरी. शनिवारी होता तान्हा पोळा, त्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मोठा पोळा. आणि आज गुरुवार.

आता पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे काय करतात ते बाहेरच्यांना सांगायला हवं. बैलाला धुऊन आणायचं, वर्षभर जू वाहिलेल्या त्याच्या खांद्याला हळद आणि लोणी चोळायचं, शेक द्यायचा. याला खांदशेकणी म्हणतात. मग त्याच्या कानाशी वाकून, पाहुण्याला द्यावं तसं आमंत्रण द्यायचं, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी बैलाला काम नाही म्हणजे नाही. पुरणपोळी खायची, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभं राहायचं आणि मिरवायचं.

गुंफाबाईंच्या घरी नऊ वर्षांपूर्वीपर्यंत चांद्या नावाचा बैल होता. कपाळावर पांढरा ठिपका, चालीला देखणा. शेत गोदामाच्या जागेत गेलं, मोबदला चांगला मिळाला, पण जोडी विकावी लागली. गुंफाबाईंचे यजमान केवळराम तेव्हापासून पोळ्याच्या दिवशी गावात थांबत नसत. सकाळी उठून उमरेडला बहिणीकडे. एरवी ते तान्ह्या पोळ्यासाठी पोरांना लाकडी बैल करून देत, अगदी डोळ्यात भरतील असे, पण जिवंत बैलांच्या तोरणाखाली त्यांचं पाऊल पडत नव्हतं. बायकोच्या यंत्रांना ते "डब्बे" म्हणत. "आले का डब्बे हाकून?" हा त्यांचा रोजचा प्रश्न.

गुरुवारी संध्याकाळी पाळी संपताना अडतीस नंबर अकराव्यांदा बसला. गुंफाबाई त्याच्यापाशी खाली बसल्या. डब्यात घरून आणलेलं लोणी उरलं होतं. सोबत पाळी करणाऱ्या बेबीबाई गेडामकडे हळदीची पुडी होती, तिला देवळात जायचं होतं. काय मनात आलं कोण जाणे, गुंफाबाईंनी दोन्ही कालवलं आणि ज्या कडेवर मांडणीचं ओझं पडतं त्या पाटाच्या कडेला बोटांनी चोळायला लागल्या.

"गुंफा, येडी झाली का तू?" बेबीबाई हसून हसून बेजार.

"वर्षभर ओझं वाहून रायला तो. याचा खांदा कोण शेकणार? पुण्याचे साहेब?" आणि गुंफाबाई वाकल्या, सवयीने, जशा सासरी तीस वर्षं वाकल्या होत्या तशा. "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. तू अन् तुझे सगळे भाऊ."

छतातून मुकादम बोलला, "गुंफाबाई, आवतण दोनशे बारा जणांले समजू का?"

कॉलरचा माइक चालूच होता, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. बेबीबाईचं हसू जागच्या जागी थांबलं.

"पोळ्याचं आवतण म्हणजे उद्या काम बंद, सगळ्यांले पोटभर," मुकादम पुढे म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं. सहा वर्षं नऊ बायकांच्या गप्पा ऐकल्यावर काय ठाऊक नसणार? "परवा परीक्षा हाय. पक्कं समजू, की सोडून देऊ?"

गुंफाबाईंनी तोंड उघडलं ते "सोडून दे" म्हणायलाच. पण समोर अडतीस बसला होता, खांद्याला हळद लावून, आणि पाठीवर साठ टक्के मिरवत. त्यांना एकदम चांद्याची आठवण झाली. एका वर्षी नांगरटीच्या घाईत केवळराम त्याला चालता चालता मूठ मूठ वैरण द्यायचे, बसू द्यायचे नाहीत. खात होता, पण आठ दिवसांत चांद्या नांगरापुढेच बसायला लागला. तेव्हा सासरे म्हणाले होते, बैलाले नुसतं खायला घालून भागत नाही, निवांत बसून रवंथ करू द्यावा लागतो. दर अर्ध्या तासाला दोन मिनिटं. मूठ मूठ वैरण! हेच की!

"पक्कं," गुंफाबाई म्हणाल्या.

"अगं बाई!" बेबीबाई किंचाळली. "माझी पोरगी बारावीले हाय! नोकरी गेली म्हणजे?"

"आवतण दिलं ते दिलं, बेबी."

शांतपणे, जणू रोजचंच काम आहे अशा आवाजात, मुकादमने पुकारलं, "पहिली पंगत." आणि चाळीस पाट डोक्यावरच्या मांडण्या जागेवर ठेवून चार्जिंगच्या चाळीस जागांकडे निघाले.

आता सबनीस साहेबांनी हे रद्द का नाही केलं? तर करता येत नव्हतं. मागे कुठल्याशा गोदामात यंत्राखाली एकाचा हात सापडला, तेव्हापासून कायदाच झाला होता. जमिनीवर काम करणाऱ्या माणसाने "थांबा" म्हटलं की थांबायचं, आणि ज्याने थांबवलं त्यानेच चालू करायचं. साहेब, मोठे साहेब, मालक, कोणाचं चालत नाही. गोदामाची किल्ली त्या क्षणी गुंफाबाईंच्या जिभेवर होती.

साहेबांचा फोन आला तेव्हा त्या घरी पोचल्या होत्या. "गुंफाताई, मी हात जोडतो, मागे घ्या ना ते! उद्या सणाची पाचच हजार खोकी, पण तीही तुंबतील, परवा पंचेचाळीस हजार होतील!"

"साहेब, एक दिवस त्यांले बसू द्या. माझं ऐका."

"कशाच्या जोरावर ऐकू?"

"तीस वर्षं बैल राखले त्याच्या." त्यांनी फोन ठेवला आणि मग मात्र चुलीपाशी बसून राहिल्या. आपण नऊ घरांचं वाटोळं केलं की काय, हाच विचार डोक्यात फिरत होता.

केवळराम अंगणात लाकडी बैलाला शिंगं बसवत होते. उमरेडची पिशवी दाराशी भरून तयार होती.

"काय झालं?"

"मी आवतण देऊन आली," गुंफाबाई म्हणाल्या. "दोनशे बारा जणांले. उद्याचं." आणि सगळं सांगितलं.

केवळरामांनी हातातलं शिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "दोनशे बारा. अन् पुरण किती घातलं तू?"

गुंफाबाईंना रडू येत होतं तिथे हसू फुटलं. "थट्टा करून रायले तुम्ही? सकाळी मागं घेतलं तर अजून होते सगळं नीट."

"आवतण देऊन मागं घेतलेलं आपल्या घरात कोणी पाह्यलं का आजवर?" केवळराम उठले आणि आतल्या खोलीत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात चांद्याची घुंगरमाळ होती. नऊ वर्षं झाली होती, पण पितळ लखलखत होतं. म्हणजे हा माणूस दरवर्षी गुपचूप ती घासत होता! गुंफाबाई बघतच राहिल्या.

"उद्याच्या दिवसापुरती देतो," ते तोऱ्यात म्हणाले. "परवा मले वापस पाहिजे."

शुक्रवारी सकाळी गोदामात जे दृश्य होतं ते मोहगावात लोक अजून सांगतात. रात्रीतून पाच पंगती आणि वर बारा जणांची सहावी उठली होती. दोनशे बारा पाट मधल्या मोठ्या वाटेत ओळीने उभे, हलायचं नाव नाही. वर आंब्याच्या पानांचं तोरण. बायकांनी पाटापाटाला बेगड चिकटवलेली, झेंडू बांधलेला. बेबीबाई रात्री रडून सकाळी पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आली होती. "बुडायचंच हाय तर खाऊन बुडू," असं तिचं म्हणणं.

केवळराम घुंगरमाळ घेऊन अडतीसभोवती दोनदा फिरले. "याले गळा कुठं हाय?"

"नाई हो गळा त्याले."

"बिनगळ्याचा बैल!" ते पुटपुटले, खाली बसले, आणि पुढच्या कडेच्या दोन खिळ्यांना माळ पक्की बांधली. मग कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी त्या कडेवर एक थाप मारली. गुंफाबाईंनी पाहिलं, पण पाहिलंच नाही असं दाखवलं.

सबनीस साहेब पुण्याहून पहिल्या विमानाने येऊन पोचले होते. आधी ते चिडले. मग त्यांना पुरणपोळीवर तूप वाढण्यात आलं. मग ते पडद्यासमोर जाऊन बसले, काहीतरी बघायचं म्हणून, आणि दुपारी चारच्या सुमाराला तिथून ओरडतच आले.

"गुंफाताई! अहो, यांना स्वतःचं पोटच माहीत नव्हतं!"

साहेबांनी समजावलं ते असं. बॅटरीत किती वीज आहे हे आत डोकावून दिसत नाही. यंत्र आपलं मोजत राहतं, एवढी आत गेली, एवढी बाहेर आली. दर मोजणीत एक बारीकशी चूक राहते. केसाएवढी. पण दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा दोन-दोन मिनिटं चार्जिंग केलं की चुकीवर चूक चढत जाते. खरा आकडा कळायचा तर एकदा काठोकाठ भरायचं आणि मग कित्येक तास हात लावायचा नाही. माठातलं पाणी ढवळत राहिलात तर पातळी कशी दिसणार? हात काढून घ्या, पाणी थांबू द्या, मग रेघ दिसते. बॅटरीतही आतली हालचाल थांबली की मोजमाप खरं होतं.

"नव्या बॅटऱ्या टाकल्या, पण त्यांनाही पहिल्या दिवसापासून पळवलं," साहेब म्हणाले. "अडतीसला वाटत होतं साठ टक्के आहेत. असायचे आठ. एकशे चारला वाटायचं पाच, तर होते सत्तर. आत्ता बघा, सगळ्यांचे आकडे आपोआप सुधारले आहेत. कंपनीत चाळीस इंजिनिअर आहोत आम्ही! एकालाही सुचलं नाही की यांना बसू द्यावं."

"तुमच्यात कोणाच्या घरी बैल नव्हता ना साहेब," गुंफाबाई म्हणाल्या. "रवंथ म्हणतात त्याले. पण उद्याचं काय? निघतील पंचेचाळीस हजार?"

साहेबांनी ओळीने उभ्या पाटांकडे पाहिलं. "आकडे सुधारले हे खरं. पळतील का, ते उद्याच कळेल."

शनिवारी सकाळी सहाला मोठ्या ऑफिसचे तिघे जण येऊन वरच्या काचेमागे बसले. गुंफाबाई वाटेच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, घसा खाकरला, आणि ज्या जिभेने थांबवलं होतं तिनेच म्हटलं, "चाला रे लेकरांनो."

"चालले," मुकादम म्हणाला.

आणि घुंगरं वाजली.

गोदाम सात एकरांचं. अडतीस कुठे आहे हे डोळ्यांना दिसणं शक्य नव्हतं, पण आता गुंफाबाईंना बघायची गरजच नव्हती. छुम छुम छुम, डावीकडून उजवीकडे. छुम छुम, पार मागे साखरेच्या पोत्यांपाशी. त्या दुसऱ्या पाटांकडे धावत होत्या, पडलेली खोकी उचलत होत्या, पण एक कान त्या आवाजाकडे. आठ वाजले, वाजतंय. दहा वाजले, वाजतंय. एरवी दहापर्यंत हा मुडदा तीनदा बसलेला असायचा! अकरा वाजता नऊही जणींच्या ध्यानात आलं की सोडवायला कोणी बोलावतच नाहीये. मुकादमची भीड चेपली होती. त्याने अंतरं कमी केली, वेग वाढवला, आणि पाट एकमेकांच्या शेजारून असे सुळकन जात होते की बेबीबाईने कडाकडा बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली.

दुपारी दोनला बत्तीस हजार. साडेतीनला एकोणचाळीस. गुंफाबाईंनी डबा उघडलासुद्धा नाही. छुम छुम छुम.

पाच वाजून दहा मिनिटांनी घुंगरं थांबली.

गुंफाबाईंनी हातातलं खोकं तिथेच ठेवलं. कान दिला. काही नाही. आत्ता वाजेल, वळण घेत असेल. नाही वाजलं. मागे बेबीबाई उभी राहिली होती, तिचाही चेहरा उतरला. "बसला वाटते गं," ती हळूच म्हणाली.

गुंफाबाई धावत सुटल्या. तेराव्या वाटेने, मग उजवीकडे, पायातली चप्पल निसटली तरी थांबल्या नाहीत. अडतीस शेवटच्या मांडणीपाशी उभा होता. तसाच, ढिम्म. त्यांनी वाकून पाठीवरचा आकडा पाहिला. एक्क्याऐंशी टक्के.

"काय रे राजा," त्या म्हणाल्या, "काय झालं तुले?"

"त्याले काई नाई झालं बाई," मुकादम म्हणाला. "खोकी सरली. पंचेचाळीस हजार दोनशे. आता आणखी काम सांगा."

गुंफाबाई मटकन खालीच बसल्या. मग वाटेवाटेतून बायकांचा जो आरडाओरडा उठला, तो काचेमागच्या तिघांनाही ऐकू गेला असणार, कारण तेही उभे राहून टाळ्या वाजवत होते. सबनीस साहेब जिना उतरून धावत येताना एका रिकाम्या खोक्यावर अडखळून पडले आणि पडल्या पडल्याच हसत राहिले. दोनशे बारा जणांपैकी रोज तीस जणांना पाळीपाळीने पूर्ण सुटी, हा नियम त्याच संध्याकाळी लिहिला गेला. कंपनीच्या सगळ्या गोदामांत तो आता चालतो, आणि त्याच्या इंग्रजी कागदांवरही नाव आहे रवंथ.

सहा वाजता केवळराम गोदामात आले. गावात तान्हा पोळा नुकताच फुटला होता, पोरं लाकडी बैल ओढत घरोघरी फिरत होती. ठरल्याप्रमाणे घुंगरमाळ परत न्यायला ते आले होते. गुंफाबाईंनी ती सोडून त्यांच्या हातात ठेवली. "घ्या तुमची. दिवसभर वाजली हो. काम सरेपर्यंत एकदाही बसली नाही."

केवळरामांनी माळ हातात तोलली. अडतीसकडे पाहिलं. तो समोर उभा होता, कडेला अजून हळदीचा डाग. ते खाली वाकले, आणि आदल्या दिवशीसारखीच, पण या वेळी तिढा घालून, माळ पुन्हा बांधली.

"राहू दे त्याच्यापाशी," ते म्हणाले. "ट्रंकेत कोणासाठी ठेवू?"

"केवळरामजी," छतातून आवाज आला, "पुढचं आवतण केव्हा देसान?"

केवळराम दचकले. त्यांनी वर पाहिलं, मग बायकोकडे, मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या डब्ब्यांशी थेट बोलले.

"पुढच्या पोळ्याले," ते म्हणाले. "अन् तिले सांगू नको. या खेपेस आवतण मी देईन."